सायपानने पिस्तूल मागितलं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या बंदुकांवरचा लेख मी दोनदा वाचला. पुढच्या रविवारी त्यावर आलेली वाचकांची पत्रंही वाचली. लेख चांगला होता. पण त्यात एक वाक्य होतं, की चारी बाजूंनी समुद्र असलेल्या छोट्या बेटांना बंदुका बाहेर ठेवणं मोठ्या देशांपेक्षा सोपं जातं. आणि एका पत्रलेखकाने लिहिलं होतं, की दुकानदाराच्या गल्ल्यात परवान्याचं पिस्तूल असेल तर चोर दुकानाची पायरी चढणार नाही. ही दोन वाक्यं आठवडाभर माझ्या डोक्यातून जाईनात, कारण मी बेटावर राहते आणि दुकान चालवते.

सायपान हे नाव आपल्या वाचकांपैकी काहींनी दुसऱ्या महायुद्धामुळे ऐकलं असेल. फिलिपिन्सच्या पूर्वेला, गुआमच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर उत्तर मारियाना बेटं आहेत. बेटं चौदा, पण वस्ती म्हणावी अशी सायपान, टिनियान आणि रोटा या तिघांवरच. 2020 च्या जनगणनेत सगळी मिळून 47,329 माणसं भरली. हा अमेरिकेचा भूभाग आहे. चलन डॉलर, पासपोर्ट अमेरिकेचा, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथल्या माणसाला मत नाही. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात 2009 पासून इथला एक प्रतिनिधी बसतो, त्यालाही कायदा मंजूर करताना मत देता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

माझे यजमान 1993 मध्ये इथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंग सुपरवायझर म्हणून आले, मी दीड वर्षाने आले. तेव्हा बेटावर कारखान्यांची रांग होती आणि हजारो बायका चीनहून, फिलिपिन्सहून येऊन शिलाईवर बसलेल्या असत. कुठल्या देशातून किती कपडे आणायचे याचा जगभरातला कोटा 2005 मध्ये संपला, आणि पुढच्या चार वर्षांत एकेक करून सगळे कारखाने बंद पडले. आम्ही परत जायचं सोडून सान अँतोनियोमध्ये बीच रोडपासून आत एक छोटं दुकान घेतलं. तांदूळ, डबाबंद मासे, नूडल्स, बर्फ, फोनची कार्डं. दुकान भाड्याच्या जागेत आहे आणि कायम तसंच राहील, कारण इथली जमीन फक्त मारियाना वंशाच्या माणसालाच विकत घेता येते. आमच्यासारख्याला फार तर 55 वर्षांचा भाडेपट्टा. सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं. आता वाटत नाही. बेटाएवढी जमीन असलेल्या लोकांनी ती जपायची नाही तर काय करायचं?

मी आले तेव्हाचा बंदुकीचा कायदा सांगते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, हातात मावेल असं कुठलंही हत्यार सामान्य माणसाला आणायला, विकायला, बाळगायला बंदी. लहान बोअरची, म्हणजे अरुंद नळीची, रायफल आणि .410 ची शॉटगन ओळखपत्र काढून ठेवता येई. ज्यांच्याकडे ती असे ते शिकारीला जाणारे लोक. गावात कुणाकडे बंदूक आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, जसं कुणाकडे होडी आहे हे ठाऊक असतं. पोलिसाच्या कमरेला सोडून मी पहिली पंधरा-वीस वर्षं कुणाकडे पिस्तूल पाहिलं नाही. गुआममध्ये ते चालत होतं, तिथून आलेले लोक त्याबद्दल बोलत. आपल्याकडे नाही, असं इथले लोक म्हणत, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असे.

आमची घरमालकीण चामोरो, म्हणजे या बेटांच्या मूळ रहिवाशांपैकी होती. इथे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'तान' लावून हाक मारतात, तशी मी तिला मारायची. रोज संध्याकाळी ती दुकानासमोरच्या बाकावर बसून पुगवा चघळत असे. पुगवा म्हणजे सुपारी. हे लोक ती नागवेलीसारख्या पानात चुना लावून खातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजी आठवली होती, आणि आमची मैत्री त्या पानावरूनच झाली. 15 जून 1944 ला अमेरिकन फौजा सायपानच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा तान सात वर्षांची होती. लढाई 9 जुलैपर्यंत चालली. तिचं कुटुंब डोंगरातल्या गुहेत लपलं होतं. नंतर सगळ्यांना सुसुपेच्या छावणीत नेलं आणि 4 जुलै 1946 पर्यंत काटेरी तारेच्या आत ठेवलं. सायपानचा मुक्तिदिन म्हणून 4 जुलै साजरा होतो तो त्यासाठी. बाहेरून आलेल्यांना वाटतं की तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आहे. तानचा धाकटा भाऊ त्या गुहेत दगावला. गोळीने की तहानेने, हे तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. डोंगरात अजून न फुटलेले तोफगोळे सापडतात. हत्यार म्हणजे काय हे त्या पिढीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. महायुद्धानंतर मारियाना, पलाऊ, मार्शल आणि आसपासची बेटं संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकेच्या विश्वस्त कारभाराखाली आली. 1970 च्या दशकात प्रत्येकाने आपापली वाट शोधायला सुरुवात केली. उत्तर मारियानाने अमेरिकेत सामील व्हायचं ठरवलं. जून 1975 मध्ये सार्वमत झालं आणि जवळजवळ 79 टक्के लोकांनी होकार दिला. 24 मार्च 1976 ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या सामील होण्याच्या कराराच्या कायद्यावर सही केली. या कराराच्या 501 व्या कलमात अमेरिकेच्या राज्यघटनेतली कोणती कलमं इथे लागू होतील याची यादी आहे. पहिल्या ते नवव्या घटनादुरुस्तीपर्यंत सगळ्या त्या यादीत आहेत. म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरीसुद्धा.

मला जे टोचतं ते यापुढचं आहे. वाटाघाटी करणारे लोक भोळे नव्हते. जमिनीसाठी त्यांनी सवलत मिळवली. स्थानिक कायद्याखालच्या खटल्यात ज्यूरीची सक्ती नको म्हणून सवलत मिळवली. ज्यूरीची चाल इथे नव्हती, आणि एवढ्याशा बेटावर जो तो एकमेकांचा नातेवाईक. जे जे त्यांना आपल्या जगण्याला अडचणीचं वाटलं त्याला त्यांनी अपवाद लिहून घेतला. पिस्तुलाला लिहून घेतला नाही, कारण पिस्तूल इथे नव्हतंच. विश्वस्त काळापासूनच मनाई होती, आणि त्या काळी अमेरिकेतसुद्धा दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ प्रत्येक माणसाचा वैयक्तिक हक्क असा कुठल्या सर्वोच्च निकालाने लावलेला नव्हता. नसलेल्या गोष्टीविरुद्ध तरतूद करायचं सुचणार कुणाला? तानने त्या सार्वमतात हो म्हटलं होतं. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. शाळा, दवाखाना, पासपोर्ट आणि पुन्हा कुणाच्या लढाईत सापडू नये म्हणून, असं ती म्हणाली. पिस्तुलाबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं.

याच्या शेजारी पलाऊ ठेवून पाहा. तीच विश्वस्त राजवट, तेच महायुद्ध पाहिलेली माणसं. पलाऊने 1 जानेवारी 1981 पासून स्वतःची राज्यघटना लागू केली आणि तिच्यातच लिहून टाकलं, की कामावरचे पोलीस आणि कायदेशीरपणे तिथे असलेलं सैन्य सोडून कुणालाही बंदूक बाळगण्याचा हक्क नाही. शिक्षाही घटनेतच ठरवली, किमान 15 वर्षं कैद. एवढं करूनही 1985 मध्ये त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष हारुओ रेमेलिक यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं. म्हणून मी असं म्हणणार नाही की बंदी लिहिली म्हणजे गोळी सुटतच नाही. पण त्या हत्येनंतरही पलाऊच्या लोकांनी ते कलम काढलं नाही. ते ठेवायचं की काढायचं हे ठरवणं त्यांच्या हातात होतं, आणि 1994 मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हाही ते त्यांच्याच हातात राहिलं.

आमच्या बेटावरही बंदीच्या काळात रक्त सांडलं, ते लपवणार नाही. 20 नोव्हेंबर 2009 ला एका माणसाने आधी कन्नत तब्ला भागातल्या नेमबाजीच्या मैदानावर आणि मग मार्पीच्या बाजूला गोळीबार केला. चार जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. बान्झाय कड्याजवळ आलेले कोरियन पर्यटक जखमी झाले. शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडली. नेमबाजीची मैदानं इथे पर्यटकांसाठी चालत, कारण जपानी आणि कोरियन पर्यटकाला आपल्या देशात हौसेखातर बंदूक सहजासहजी हातात धरायला मिळत नाही, मग सुट्टीवर येऊन तो पैसे देऊन धरतो. त्या दिवशी आम्ही दुपारीच शटर ओढलं आणि मुलीला शाळेतून आणायला यजमान गेले. एवढ्याशा बेटावर गोळीबार सुरू झाला की 'दुसऱ्या भागात' असं काही नसतं. सायपानची लांबी जेमतेम एकोणीस-वीस किलोमीटर आहे.

मग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. 2008 मध्ये वॉशिंग्टन शहरातली पिस्तूलबंदी रद्द झाली (तेही शहर असं, की त्याच्या प्रतिनिधीला संसदेत मत नाही) आणि 2010 मध्ये शिकागोतली. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा माणसाचा मूलभूत हक्क ठरला. इथल्या एका जोडप्याने त्या आधारावर सायपानच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्या बाईला 2010 मध्ये घरात घुसून बेदम मारलं होतं. इथे मला थांबून सांगितलं पाहिजे, की त्या बाईबद्दल माझ्या मनात राग नाही, एक कणही नाही. रात्री दाराबाहेर पाऊल वाजलं की पोटात काय होतं ते मला माहीत आहे. तिने जे मागितलं ते कायद्याने तिला मागता येत होतं.

28 मार्च 2016 ला निकाल लागला. मुख्य न्यायाधीश रमोना मांगलोना या इथल्याच मातीतल्या. करारात दुसरी दुरुस्ती आहे, तिला अपवाद लिहिलेला नाही, तेव्हा पिस्तूलबंदी टिकत नाही, असं त्यांनी ठरवलं. मी वकील नाही, पण निकाल वाचला तेव्हा मला त्यात चूक सापडली नाही. कागदावर जे लिहिलंय त्यातून तेच निघतं, आणि दुःख त्याचंच आहे. एप्रिलमध्ये विधिमंडळाने घाईघाईने नवा कायदा केला: परवाना, प्रत्येक बंदुकीची नोंद, घरात कुलूपबंद ठेवण्याची सक्ती, मोठ्या बोअरच्या रायफलींना मनाई, आणि प्रत्येक पिस्तुलावर 1,000 डॉलर कर. लोक हसले, हा कर आहे की बंदी? पण मला त्यात बेटाची धडपड दिसली. दार उघडावंच लागतंय तर निदान कडी लावून ठेवू, असं काहीतरी. त्यावरही दावा झाला. सप्टेंबर 2016 मध्ये 1,000 डॉलरचा कर गेला, नोंदणी गेली, मोठ्या बोअरवरची मनाई गेली. परवाना आणि घरात कुलूपबंद ठेवणं एवढं टिकलं. सहा महिन्यांत चाळीस वर्षांची घडी मोडली, आणि ती मोडावी असं इथल्या लोकांनी कुठल्याही मतपेटीत म्हटलेलं नव्हतं. ज्या संसदेने अमेरिकेची राज्यघटना बदलावी, तिथे त्यांना मत नाही. ज्या राष्ट्राध्यक्षाने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमावेत, त्याला निवडण्यातही मत नाही.

तेव्हा लेखकमहाशय, समुद्राने काही होत नाही. एक बंदर आणि एक विमानतळ राखणं सोपं असतं हे खरं आहे. ते आम्ही चाळीस वर्षं पाहिलं. पण त्या बंदरावर काय उतरू द्यायचं हे दुसरीकडे ठरत असेल तर समुद्र कितीही खोल असून उपयोग नाही. आणि एकदा आत आलेली वस्तू बेटावरून कुठे जात नाही. ती विकली जाते, चोरीला जाते, वारशात जाते, पण राहते इथेच.

आता दुकानाबद्दल. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये रात्री साडेनऊला, मी हिशेबाची वही आवरत असताना, दोन मुलगे आत आले. टी-शर्ट तोंडाला गुंडाळलेले. एकाच्या हातात कोयता. गल्ल्यात तीनशे चाळीस डॉलर होते, ते घेतले, सिगारेटची पाकिटं घेतली. यजमान मागून आले आणि त्यांनी हात पुढे केला, अडवायला की थांबा म्हणायला, त्यांनाही नक्की आठवत नाही. मनगटाच्या वर कोयता लागला. अकरा टाके पडले. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

कोयता धरलेल्या मुलाचा हात थरथरत होता. आणि मी त्याला ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून. दम्याचा खोकला, लहानपणापासूनचा. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून तो आमच्याकडून नूडल्सचं पाकीट घेऊन दुकानाच्या कट्ट्यावर बसून कच्चंच खायचा. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या थरथरत्या हातात त्या रात्री पिस्तूल असतं तर यजमानांनी हात पुढे केल्यावर काय झालं असतं हे मी शंभर वेळा डोळ्यांसमोर आणलंय. कोयता मारायला माणसाला जवळ यावं लागतं, हात उचलावा लागतो, आणि तेवढ्यात थोडं भान येतं. त्याने वार केला तो आडवा, घाबरून, आणि तो पळाला. गोळी अशी अर्धी मारता येत नाही.

आणि यजमानांकडे पिस्तूल असतं तर? आपल्या पत्रलेखकाचं म्हणणं तेच आहे ना. तर मग आम्ही दोघांनी आमच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांजवळ, एका दमेकरी पोराला मारलं असतं, ज्याची आई रोज आमच्याकडून ब्रेड नेते. कायदा कदाचित आमच्या बाजूने उभा राहिला असता. त्यानंतर त्या गावात शटर कसं उघडलं असतं हे मला कुणी सांगावं.

यजमानांचं मत वेगळं आहे आणि ते इथे लिहिलं नाही तर अन्याय होईल. आमची मुलगी 1995 मध्ये इथेच जन्मली, म्हणून जन्मापासून अमेरिकन नागरिक. 2016 मध्ये ती एकवीस वर्षांची झाली आणि तिने आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. नेमकं त्याच वर्षी बेटावर पिस्तूल आलं. कार्ड हातात पडल्यावर यजमान म्हणाले, आता आपल्यालाही घेता येईल. मी नको म्हटलं. आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती आणि इतकं कडू भांडण आमच्यात कधी झालं नव्हतं. ते म्हणत, टाके माझ्या हाताला पडलेत, तुझ्या नाही. ते म्हणत, बाकीच्या दुकानदारांनी घेतलंय, आता चोराला माहीत असणार की या बाईमाणसाच्या दुकानात काही नाही. हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही, अजूनही येत नाही. एकाने घेतलं की दुसऱ्याला घ्यावंसं वाटतं, आणि दोघांनी घेतलं की चोरालाही वाटतं. बंदी होती तेव्हा निदान हा हिशेब कुणालाच करावा लागत नव्हता. कायद्याने आमच्या डोक्यावरचं ते ओझं काढून घेतलेलं होतं, हे ते परत आल्यावर कळलं.

त्या भांडणात मी एक गोष्ट बोलले ती सांगते. आमच्या आसपास दुकानात, गोदामात, हॉटेलच्या फाटकावर रात्रपाळी करणारे बहुतेक जण फिलिपिनो नाहीतर बांगलादेशी, कंत्राटी कामाच्या परवान्यावर आलेले. लुटालूट झाली की पहिला मार त्यांना बसतो. पण तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला अमेरिकेचा संघीय कायदा, थोडे अपवाद सोडले, तर मनाई करतो. म्हणजे ज्या हक्काला सगळ्या माणसांचा मूलभूत हक्क म्हटलं, तो सर्वांत उघड्यावर असलेल्या माणसाला नाही. मग बेटावर हत्यार कुणाकडे आणि कोण निःशस्त्र, याची विभागणी कागदपत्रांवरून होते. कार्ड येईपर्यंत आम्हीही त्याच रांगेत होतो. कार्ड मिळालं म्हणून मी त्या रांगेकडे पाठ करायची का?

वादळांबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या बेटाची गोष्ट पुरी होत नाही. ऑगस्ट 2015 च्या सौडेलोरने सायपानची वीज कित्येक आठवडे घालवली, आमच्याकडे तर दोन महिन्यांनी आली. त्या काळोखात माणसं एकमेकांच्या घरी झोपायला जात, तांदूळ वाटून घेत. तेव्हा पिस्तूल नव्हतं. 24 ऑक्टोबर 2018 च्या रात्री युतू आलं. त्याच्यासारखं वादळ मी आयुष्यात पाहिलं नाही. टिनियान आणि दक्षिण सायपानवरून ते सरळ गेलं आणि आमच्या बाजूची पत्र्याची, लाकडाची घरं जमिनीवर उरलीच नाहीत. आम्ही तिघं सिमेंटच्या न्हाणीघरात पाठीवर गादी घेऊन बसलो होतो. पहाटे बाहेर आलो तर समोरचे शेजारी वाकून चिखलात काहीतरी शोधत होते. मला वाटलं पासपोर्ट. तान तेव्हा गेलेली होती, पण तिची सून तिथेच उभी होती, तिने मला हळूच सांगितलं: पिस्तूल. पेटीत कुलूप लावून, कायद्याने सांगितलं तसं ठेवलेलं होतं, पण पेटी ज्या भिंतीला होती ती भिंतच गेली होती. गल्लीतली सात-आठ पोरं अनवाणी त्या ढिगाऱ्यातून खेळणी आणि कपडे वेचत फिरत होती. त्यांच्या आया त्यांना ओरडून मागे बोलवत होत्या, काचा आहेत म्हणून. खरं कारण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पेटी तिसऱ्या दिवशी सापडली, शंभर-दीडशे फुटांवर, उघडी. आत काही नव्हतं.

ते पिस्तूल आजवर मिळालेलं नाही. मी त्या घराच्या माणसाला दोष देत नाही, तो सज्जन आहे आणि नियम पाळणारा आहे. पण दरवर्षी वादळ येणाऱ्या बेटावर, पत्र्याच्या घरांत, कुलूपबंद पेटीचा नियम कुठल्या भिंतीच्या भरवशावर केला? तो नियम भक्कम घरांच्या प्रदेशातून आलाय.

त्या दिवसानंतर यजमानांनी पिस्तुलाचा विषय काढला नाही. माझं पटलं म्हणून नाही, एवढं मला समजतं. परवान्याच्या अर्जाचा कागद त्यांनी आणून ठेवला होता, तो ओला होऊन गेला आणि त्यांनी दुसरा आणला नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या खटल्यात घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरण्याचाही हक्क मान्य केला, तेव्हा त्यांनी ती बातमी मला वाचून दाखवली आणि फोन खाली ठेवला. बेटाच्या रस्त्यावर, बाजारात, गावाच्या सणात, जिथे शंभर माणसं एका मांडवाखाली बसून जेवतात, तिथे कमरेला पिस्तूल, हे चित्र आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर एकदम आलं असावं.

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच, की आपल्या लेखकांनी 'अमेरिकेतल्या बंदुका' लिहिताना सगळी अमेरिका एक धरू नये. जिथे लोकांनी स्वतःहून पिस्तूल नाकारलं होतं आणि ते त्यांच्या हाती बाहेरून दिलं गेलं, अशीही जागा तिच्या नकाशावर आहे. पलाऊचं कलम आणि मारियानाचं कलम शेजारी ठेवून कुणीतरी मराठीत नीट लिहावं. मला जमलं असतं तर मीच लिहिलं असतं, पण माझा वेळ दुकानात जातो.

आणि ज्या वाचकाने दुकानदारांना सल्ला दिला त्यांना सांगावं, की तो मुलगा शिक्षा भोगून बाहेर आला. आता तो विमानतळावर सामान चढवण्याचं काम करतो. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, यजमानांच्या हाताकडे बघत होता. यजमानांनी बाही खाली ओढली आणि त्याला लंगोटांचं मोठं पाकीट काढून दिलं. पैसे त्याने पूर्ण मोजून दिले.

आपली,
एक वाचक
सान अँतोनियो, सायपान